रॅम भरपूर, तरी व्हर्च्युअल मशिन संथ का?

अंधेरीतल्या आमच्या घरी एका जुन्या पीसीवर प्रॉक्समॉक्स हे व्हर्च्युअल मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर आहे. एका व्हर्च्युअल मशिनमध्ये घरचे फोटो, दुसऱ्यात मुलीचा लिनक्सचा अभ्यास. अशी मशिनं रखडायला लागली की लोक रॅम घ्यायला थेट लॅमिंग्टन रोड गाठतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी तपासा.

मूळ मशिनवर 'व्हीएमस्टॅट १' ही आज्ञा द्या. 'एसआय' आणि 'एसओ' या रकान्यांत सतत आकडे हलत असतील, तर रॅम अपुरी पडून डेटा डिस्कवर ये-जा करतोय. डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ. मग व्हर्च्युअल मशिनांना दिलेल्या रॅमची बेरीज करा. मूळ मशिनसाठी आणि झेडएफएस ही फाइल सिस्टम वापरत असाल तर तिच्या कॅशेसाठी जागा उरायला हवी.

तिथे शून्य दिसलं, तर पीसीचा खोका उघडून रॅमच्या पट्ट्या कशा बसवल्यात ते पाहा. डीडीआर४-३२०० रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते. दोन पट्ट्या वेगवेगळ्या चॅनेलवर बसवल्या की ५१.२. कोणते स्लॉट, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतं. बायॉसमध्ये एक्सएमपी ही रॅमचा जाहीर वेग लागू करणारी सेटिंग बंद असेल, तर हीच रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वर चालते.

दोन प्रोसेसरांच्या जुन्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशिनचे कोअर आणि रॅम एकाच प्रोसेसरकडे ठेवा. मोठा डेटाबेस असेल, तर मेमरीची ४ केबीऐवजी २ एमबीची पानं (पेजेस) वापरून पाहा.

एका वेळी एकच बदल करा आणि आधी-नंतर वेग मोजा. खरेदी त्यानंतरच.