प्रवरेचे मासे आणि पाण्याचे ऋतू

रतनगडाखाली उगम पावणारी प्रवरा भंडारदरा, अकोले, संगमनेर करत नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. सगळा प्रवास अहिल्यानगर जिल्ह्यातला. पण घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तर पूर्वेकडच्या तालुक्यांत जेमतेम पाचशे. म्हणूनच नदी एक असली तरी तिच्यातले मासे ठिकाणागणिक आणि महिन्यागणिक बदलतात.

डोंगरातल्या ओढ्यांत पाणी गार, तळ खडकाळ आणि धार जोराची. मळ्या इथला रहिवासी. त्याच्या हनुवटीखाली मांसल चकती असते; तिने खडकाला धरून तो शेवाळ खरवडत राहतो आणि लोंढ्यातही वाहून जात नाही. विल्यम साइक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा मळ्या, खुद्री, कोळस ही इथलीच नावे त्याने शास्त्रीय नावांत घेतली. सपाटीला नदी मंदावते, डोह पडतात. तिथे तळाशी फिरणारा शिंगाळा, कपारीतली वांब आणि काठच्या गवतातली मरळ.

मृगाचा पाऊस पडला, नदीला गढूळ पाणी आले, की गाभोळीने भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला वाहते पूरपाणीच लागते. धरणाच्या साचल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. म्हणून जलाशयात दरवर्षी बोटुकली सोडावी लागते. ती मुबलक मिळू लागली, याचे श्रेय डॉ. हिरालाल चौधरी यांना. १० जुलै १९५७ रोजी त्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचे प्रजनन घडवले.

हिवाळ्यात पाणी निवळते, ऊन तळापर्यंत पोचते, शेवाळ आणि किडे वाढतात. पावसाळ्यातली पिल्ले त्यावर पोसतात. चैत्र-वैशाखात खरी परीक्षा. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला साडेसातच. आटत्या डोहात नाजूक मासे आधी मरतात. मरळ मात्र वर येऊन हवेतला श्वास घेते आणि तगते. हीच मरळ विणीच्या दिवसांत तांबूस पिल्लांच्या थव्याखाली पहारा देत फिरताना दिसते.

हे चक्र माणसाने बदलले. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले. पुढे मुळा, निळवंडे आणि जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. त्यांनी जिल्ह्याची शेती उभी केली, हे निर्विवाद. पण पहिला पूर धरणात अडतो आणि उन्हाळ्यात नदी आवर्तनापुरती वाहते. १९७६ च्या जायकवाडीने नेवासे-शेवगावच्या काठाला विस्तीर्ण संथ पाणी दिले. असे पाणी चिलापीला मानवते: तळाला खळगा करून ती वीण करते, मादी अंडी तोंडात सांभाळते, तिला पुराची गरज नाही. पुरावर जगणारे मासे मागे पडतात आणि साचल्या पाण्यातले पुढे सरकतात, ते असे. त्यात वाळूउपशाने तळच खरवडला, की अंडी घालायची जागाही जाते.

बोटुकली सोडून जलाशय भरतो. नदी त्याने भरत नाही. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शेती, पिणे आणि उद्योग यांच्या पाण्याबरोबर नदीच्या हक्काचे पाणीही मांडले जावे. पावसाळ्याच्या तोंडी थोडा पूर खाली सोडावा, बंधाऱ्यांच्या फळ्या वेळेत काढाव्यात आणि प्रत्येक तालुक्यात निदान एक डोह वाळूउपशापासून व जाळ्यापासून राखावा. नदीकाठच्या ग्रामसभांनी हा ठराव याच वर्षी करावा.