तालुक्याच्या डॉक्टरला कोण टिकवणार?

बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांमधला पूर्णाकाठचा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. विहिरींचं आणि बोअरचं पाणी खारं, आणि किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षांच्या. हा आजार बराच काळ दुखत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. पायावर सूज आली, लघवी कमी झाली की मग धावपळ होते आणि तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. तो वेळेत सापडतो तो साध्या गोष्टींतून: रक्तदाब मोजला, लघवीत प्रोटीन दिसलं, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन मागच्या वर्षी १.१ होतं ते यंदा १.६ कसं झालं, असा प्रश्न कुणाला तरी पडला. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. मागच्या वर्षी याच माणसाला तपासलेला आणि पुढच्या वर्षीही त्याच जागी सापडेल असा डॉक्टर लागतो. बाजारपेठेच्या गल्लीत एक टेबल, एक कॉट आणि एक कंपाउंडर एवढ्यावर चालणारा त्याचा खासगी दवाखाना टिकणं ही त्याची एकट्याची चिंता नाही. ती जिल्ह्याच्या आरोग्याची गरज आहे. तो टिकावा म्हणून सरकारने आणि समाजाने मदत केली पाहिजे, आणि त्या मदतीला अटीही घातल्या पाहिजेत.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार, आणि त्यातले जवळपास चार-पंचमांश लोक खेड्यांत राहणारे. देशाच्या ग्रामीण भागाचं चित्र २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दिसतं. शंभरातल्या सुमारे ४१ आजारपणांत लोक खासगी डॉक्टरच्या दवाखान्यात गेले आणि साधारण ३३ आजारपणांत सरकारी दवाखान्यांत. म्हणजे आजारी माणसाची गाठ सर्वाधिक वेळा या डॉक्टरशीच पडते, मग त्याची पदवी एमबीबीएस असो की बीएएमएस. एकच डॉक्टर वर्षानुवर्षे असण्याने काय फरक पडतो, हे नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवरून तपासलं गेलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच फॅमिली डॉक्टरकडे असलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता, वर्षभरापूर्वीच डॉक्टर बदललेल्यांच्या तुलनेत, २५ टक्क्यांनी कमी आढळली. रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाणही बरंच कमी होतं. नॉर्वे श्रीमंत देश आहे, तिथली घडी वेगळी आहे, हे खरं. पण जिथे केसपेपर घरीच विसरतो आणि जुने रिपोर्ट पावसात भिजून जातात, तिथे डॉक्टरच्या ओळखीचं मोल वाढतंच.

मग हा दवाखाना मोडकळीस का येतो? फी घेऊनही भागत नाही, कारण खर्च रुग्णसंख्येच्या हिशेबाने वाढत नाहीत. रुग्ण भरती करून घ्यायचे तर दवाखाना दहा खाटांचा असो की शंभर खाटांचा, नर्सिंग होमची नोंदणी आणि अग्निशमनाचा दाखला लागतो, आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम तर सगळ्यांनाच लागू. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत, सुई भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेची बाटली निळ्यात. मग उचलणाऱ्या संस्थेचं मासिक शुल्क आणि रोजची नोंदवही. हे सगळं रास्तच आहे. पण मोठं रुग्णालय त्यासाठी वेगळा माणूस ठेवतं, आणि इथे डॉक्टर रात्री दहाला स्वतः नोंदी करत बसतो. त्यात गावची उधारी. सोयाबीन निघेपर्यंत, कापूस विकला जाईपर्यंत ‘माल आल्यावर देतो’ हे चालणारच, कारण माणसं खोटी नसतात, हातात पैसा नसतो. सर्वांत वाईट भाग पुढचा आहे. लोक सुई-सलाईनचे पैसे देतात, समजावून सांगितल्याचे देत नाहीत. ‘मीठ कमी करा, ही दुखण्याची गोळी रोज खाऊ नका’ असं वीस मिनिटं सांगणारा डॉक्टर तोट्यात जातो आणि सलाईन लावणारा तरतो. अशी ओढाताण परदेशातही आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पाहणीत २०१२ मध्ये ६० टक्के डॉक्टर खासगी प्रॅक्टिसमध्ये होते, २०२४ मध्ये ४२ टक्के. वाढते खर्च, विमा कंपन्यांशी दरांची घासाघीस आणि कागदपत्रांचं ओझं ही तिथली कारणं आहेत.

यातलं ओझं एकेकट्याने उचलण्याची गरज नाही. केरळमध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने कचऱ्याचा प्रश्न स्वतःच्या अंगावर घेतला आणि पलक्कडला सामाईक प्रकल्प उभारला. २००३ पासून राज्यभरातली लहान-मोठी रुग्णालयं त्याचा लाभ घेतात. बुलढाण्याला तर सहकार शिकवावा लागत नाही. १९८६ मध्ये इथेच सुरू झालेली बुलडाणा अर्बन पतसंस्था आज देशातल्या मोठ्या पतसंस्थांमध्ये गणली जाते, आणि गोदामात ठेवलेल्या शेतमालावर कर्ज देण्याची पद्धत तिने इथल्या शेतकऱ्याला सवयीची केली. तालुक्यातल्या पंधरा-वीस डॉक्टरांनी मिळून परवान्यांचं आणि नोंदींचं काम पाहणारा एक कारकून ठेवला, औषधं एकत्र खरेदी केली, एक लॅब चालवली आणि सुट्टीवर गेलेल्याच्या जागी बसणारा डॉक्टर पाळीपाळीने दिला, तर प्रत्येकाचा खर्च आणि थकवा दोन्ही कमी होतील. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण वर्षानुवर्षे सुट्टी न मिळालेला डॉक्टर एक दिवस शटर ओढतो आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पगारी नोकरी धरतो.

पैशाचा प्रश्न मात्र नुसत्या सहकाराने सुटणार नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांचा खर्च उचलते. त्यात डायलिसिस आहे, आणि ते असायलाच हवं. पण डायलिसिस पाच वर्षं लांबवणारी रक्तदाबाची नियमित तपासणी तालुक्याच्या खासगी डॉक्टरने केली, तर त्याला त्यातून काही मिळत नाही. वाट दाखवणारं उदाहरण सरकारच्याच हाती आहे. क्षयरुग्णाची नोंद कळवणं खासगी डॉक्टरला २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि पुढे नोंदीसाठी ५०० रुपये आणि उपचार पूर्ण झाल्यावर आणखी ५०० रुपये द्यायचं ठरलं. रक्कम लहान, पण तत्त्व मोठं: डॉक्टरने सार्वजनिक काम केलं, तर त्याचा मोबदला सार्वजनिक तिजोरीतून मिळावा. खारपाणपट्ट्यात रक्तदाब, मधुमेह आणि क्रिएटिनिन यांच्या नोंदीसाठी हेच करता येईल. मोबदला रुग्ण वर्षभर नियमित येतो का यावर ठरवावा, किती सुया टोचल्या यावर नको.

इथे रागाचा आक्षेप येतो: खासगी डॉक्टर कट घेतात, नको त्या तपासण्या करायला लावतात, त्यांना लोकांच्या पैशातून कशाला पोसायचं? राग खोटा नाही. पण कट प्रॅक्टिसविरुद्ध महाराष्ट्रात सर्वांत ठळकपणे उभे राहिले ते महाडला स्वतःचा दवाखाना चालवणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर नाव झालेल्या या डॉक्टरांनी २०१३ मध्ये, रुग्ण पाठवल्याबद्दल आलेला धनादेश उघड करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. स्वतःचा मालक असलेल्या डॉक्टरला नाही म्हणता येतं. महिन्याचं उत्पन्नाचं लक्ष्य ठरवून दिलेल्या नोकरदार डॉक्टरला ते फार जड जातं. कर्जाचे हप्ते थकलेल्या लहान डॉक्टरलाही जड जातं, म्हणूनच त्याचा खर्च हलका करणं हा कट रोखण्याचाही भाग आहे. मदत घेणाऱ्याने दरपत्रक दारावर लावावं, पावती द्यावी, जेनेरिक नावाने औषध लिहावं आणि चिठ्ठ्यांची तपासणी करू द्यावी. हे मान्य नसेल तर मदत मिळू नये.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे: हाच पैसा प्राथमिक आरोग्य केंद्रांना का देऊ नये? द्यायलाच हवा, रिकामी पदं भरणं हे सरकारचं पहिलं काम आहे, आणि खासगी दवाखान्याकडे बोट दाखवून ते टाळू दिलं जाऊ नये. पण सरकारी डॉक्टरची बदली होते, आणि केंद्र बहुतेकदा दिवसाच्या ठरावीक वेळेतच पूर्णपणे चालतं. शेतमजूर मात्र काम सोडून दुपारी येऊ शकत नाही, तो संध्याकाळी सातला दवाखान्यात येतो. दोन्ही लागतील, आणि दोघांची नोंदवही एक असेल तर आणखी बरं. बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांसह ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. त्याची पहिली तुकडी इंटर्नशिप संपवून २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. त्यातल्या दहा जणांनी संग्रामपूरला किंवा लोणारला बसायचं ठरवलं, तर सामाईक लॅब, पाळीची सुट्टी आणि नोंदींचा मोबदला तोवर कागदावरून जमिनीवर आलेला असायला हवा. त्याची सुरुवात एखाद्या तालुक्यातल्या डॉक्टर संघटनेने आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने एकत्र बसून यंदाच करता येईल.