पोलंडच्या घरी आपलं लेकरू

नांदेड-लातूरकडची मुलं घर सोडतात ती बहुधा ‘नीट’च्या शिकवणीसाठी किंवा इंजिनिअरिंगच्या होस्टेलसाठी. दहावी-अकरावीतलं लेकरू वर्षभर परदेशातल्या अनोळखी कुटुंबात ठेवायचं, ही गोष्ट कंधारसारख्या गावात अजून रुळलेली नाही. रोटरी युथ एक्सचेंजसारख्या योजनेत नेमकं हेच घडतं. पंधरा ते एकोणीस या वयातली मुलं तिथल्या घरात राहतात आणि तिथल्याच शाळेत जातात. सांभाळणाऱ्या कुटुंबाला त्याचे पैसे मिळत नाहीत. लांब मुदतीत मूल सहसा एकाहून अधिक घरी राहतं. असं घर पोलंडमध्ये मिळालं, तर पालकांनी बिचकू नये. त्या देशाशी महाराष्ट्राचा घरोबा जुना आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकलली. पोलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या 1941च्या करारानंतर त्यांतले काही सुटले आणि इराणमार्गे पुढे सरकले. आजच्या गुजरातमधल्या नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी 1942 मध्ये बालाचडीला पोलिश मुलांची सोय केली. 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यगृह असं अख्खं गावच पंचगंगेच्या खोऱ्यात वसलं. 1948 पर्यंत ते रिकामं झालं. पुढे त्याच जागेवर फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं आली आणि आजचं गांधीनगर वसलं. छावणीत वाढलेली ती मुलं म्हातारपणीही कोल्हापूरला येत राहिली. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये तिथे गेलेल्या भारताच्या पंतप्रधानांनी दरवर्षी वीस पोलिश तरुणांना भारतात बोलावणारी योजना जाहीर केली आणि तिला जामसाहेबांचं नाव दिलं.

कोल्हापूरने जागा दिली, पण ती माणसं राहिली आपापल्या वसाहतीत. एखाद्याच्या स्वयंपाकघरात वर्षभर वावरणं हे त्याहून अवघड.

पोलिश घरात शिरताना बूट दाराशी काढायचे. पाहुण्यासाठी घरात घालायच्या सपाता ठेवलेल्याच असतात. मुख्य जेवण दुपारी उशिरा, शाळा-कचेरी सुटल्यावर. त्यात आधी सूप, कधी बीटाचं, कधी आंबवलेल्या राईच्या पिठाचं. पियेरोगी म्हणजे आपल्या करंजीच्या आकाराची, पण उकडलेली. आत बटाटा आणि ताजं चीज, किंवा कोबी आणि अळंबी. शाकाहारी मुलाचं पोट त्यावर भरतं, मात्र घरच्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं. नुसत्या मानेने ‘हो’ म्हणत राहिलं, तर ताटात सॉसेज येणारच. चहा बहुधा दुधाशिवाय, लिंबू घालून. शाळा 1 सप्टेंबरला सुरू होते. गुण एक ते सहा असे देतात. सहा सर्वोत्तम, एक म्हणजे नापास.

जड जाते ती थंडी, आणि तिच्याहून अधिक अंधार. डिसेंबरात वॉर्सात साडेतीनच्या आसपासच सूर्य मावळतो. चाळीस अंशांच्या उन्हात वाढलेलं मूल त्या दिवसांत घरची आठवण काढून रडलं तर नवल नाही. त्या वेळी तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर राहू नये, हे आईवडिलांनीच ठरवायला हवं. पोलिश घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे आपली रात्र ही त्यांची जेवणाची, गप्पांची वेळ. मूल त्या टेबलाशी बसलं तरच भाषा येते.

याच काळात 24 डिसेंबरची संध्याकाळ येते. आकाशात पहिला तारा दिसला की जेवण सुरू. टेबलावर मांसाशिवायचे बारा पदार्थ, मासे मात्र चालतात. कापडाखाली वाळलेलं गवत अंथरतात. पातळ पापुद्र्यासारखी रोटी एकमेकांच्या हातातली मोडून खातात आणि शुभेच्छा देतात. अवचित येणाऱ्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात. ईस्टरच्या सोमवारी एकमेकांवर पाणी उडवायची धमाल असते. रंगपंचमी खेळलेल्या मुलाला तिथे काही शिकवावं लागणार नाही. 1 नोव्हेंबरला सगळं कुटुंब दफनभूमीत जाऊन पूर्वजांच्या थडग्यांवर दिवे लावतं. तेव्हा मुलाने घरच्यांबरोबर जावं, खोलीत बसू नये.

हा व्यवहार एकतर्फी चालत नाही. आपलं मूल तिकडे राहतं, तसं इकडच्या घराने परदेशी मूल सांभाळायचं, हा देवाणघेवाणीचा पायाच आहे. इथे आपण मागे पडतो. वेगळी खोली नाही, इंग्रजी येत नाही, ही कारणं मला पुरेशी वाटत नाहीत. यजमानाने महाल दाखवायचा नसतो. ज्वारीची भाकरी थापायला शिकवावी, हुरड्याला शेतावर न्यावं, मन्याडच्या काठावरून हिंडवावं. ज्याच्या बांधणीचं श्रेय राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याला देतात, तो कंधारचा भुईकोट किल्ला आणि त्याचा खंदक दाखवावा. हाजी सय्याह दर्ग्याच्या उरुसाला न्यावं. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र पाहुण्याला दुपारी बाहेर काढू नये. नांदेडला जायचं तर सकाळच्या पहिल्या एसटीने निघावं.