समुद्रात उतरलेलं दीपगृह

भारताचं दक्षिण टोक कन्याकुमारी, असं अनेकांना वाटतं. खरं टोक आहे ग्रेट निकोबार या घनदाट वर्षावनाच्या बेटावर, सुमात्राच्या शेजारी: इंदिरा पॉइंट. तिथलं १९७२ चं दीपगृह कोरड्या जमिनीवर होतं. २६ डिसेंबर २००४ ला त्याच्या पायथ्याशी समुद्र आला, कारण बेटाचं हे टोक चार मीटरहून अधिक खचलं.

ते का खचलं? भारतीय भूपट्ट या बेटांखाली सरकतो. वरच्या भूपट्टाची कड त्याला अडकून खाली ओढली जाते आणि मागचा भाग वाकवलेल्या पट्टीसारखा फुगतो. त्या दिवशीच्या भूकंपात ही अडकलेली कड सुटून उसळली, त्सुनामी उठली. मागचा फुगवटा बसला, बेटही बसलं.

किनाऱ्यालगतचं जंगल खाऱ्या पाण्यात उभंच वाळलं. सर्वांत भीषण घाव बसला तो किनाऱ्यावरच्या निकोबारी गावांवर. आतल्या डोंगराळ वनात राहणारे शोंपेन आदिवासी बरेचसे बचावले.