खाकी वर्दीचे कवच : किती आणि कोणासाठी?

आम्ही पेशाने बँकेतील कारकून. दिवसभर काउंटरवर बसायचे, पैसे घ्यायचे, पैसे द्यायचे आणि संध्याकाळी रोकड जुळवायची, हे आमचे काम. रोकड कमी भरली तर ती आमच्या खिशातून जाते. खातेदाराच्या खात्यात आमच्या हातून घोटाळा झाला, तर तो आमच्यावर आणि बँकेवर खुशाल दावा लावू शकतो. त्यासाठी त्याला मॅनेजरची परवानगी काढावी लागत नाही.

परंतु समोरच्या माणसाच्या अंगावर खाकी वर्दी असली म्हणजे हा हिशेब बदलतो. वस्तीतील एखाद्या मुलाला ठाण्यात नेऊन मारहाण झाली की नातेवाईक विचारतात, "पोलिसांवर केस करता येते का?" कोणी म्हणतो, "पोलिसांचे कोण काय वाकडे करणार?" कोणी म्हणतो, "उद्याच हायकोर्टात खेचू." ही दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. कायदा काय म्हणतो आणि त्याने काय म्हणावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम पोलिसांची बाजू पाहू. दंगलीच्या वेळी फौजदाराला क्षणात निर्णय घ्यावा लागतो. पकडलेला प्रत्येक गुंड सूडापोटी खटले भरू लागला, तर प्रामाणिक शिपाई हात बांधून बसेल. आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली आज पोलीस दलात आहेत, हेही आपण विसरू नये. म्हणूनच कायद्याने सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण दिले आहे. एवढे कवच असावे, याविषयी आमचे दुमत नाही.

मात्र प्रत्यक्षात या कवचाला तीन पदर आहेत, आणि ते सामान्य माणसाने समजून घेतले पाहिजेत.

पहिला पदर पूर्वपरवानगीचा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ अन्वये, शासनाच्या मंजुरीशिवाय ज्यांना नोकरीवरून काढता येत नाही अशा लोकसेवकांवर कर्तव्याशी निगडित कृत्यासाठी खटला चालवायचा, तर शासनाची संमती लागत असे. सार्वजनिक सुव्यवस्था राखणाऱ्या दलांनाही हे संरक्षण लागू करण्याची मुभा राज्य शासनास होती. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये आली आहे. तीत एक सुधारणा झाली. शासनाने १२० दिवसांत निर्णय दिला नाही, तर संमती मिळाली असे समजले जाते. फाईल वर्षानुवर्षे दाबून ठेवण्याला त्यामुळे काहीसा आळा बसावा.

दुसरा पदर मुदतीचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१ प्रमाणे, अधिकाराच्या आवरणाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल दावा वा खटला सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. शासनाची पूर्वसंमती असल्यास खटल्यापुरती ही मुदत दोन वर्षे होते. आपले लोक खात्याच्या चौकशीची वाट पाहत बसतात, आणि सहा महिने निघून जातात. ठाण्यात मारहाण करणे हे अधिकाराच्या आवरणात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच आत्माराम प्रकरणात सांगितले आहे. तथापि त्यावर विसंबून मुदत घालवणे शहाणपणाचे नाही.

तिसरा पदर शासनाच्या सार्वभौमत्वाचा. याचे उदाहरण वाचून आमच्यासारखा बँकवाला थक्क होतो. सप्टेंबर १९४७ मध्ये अमृतसरच्या एका पेढीचा भागीदार सोने-चांदी विकण्यासाठी मीरतला आला. चोरीच्या मालाच्या संशयावरून पोलिसांनी त्यास अटक केली आणि शंभर तोळ्यांहून अधिक सोने मालखान्यात ठेवले. पुढे तो सुटला. चांदी परत मिळाली, सोने मात्र मिळाले नाही, कारण मालखान्याचा जमादार ते घेऊन पाकिस्तानात पळाला होता. पेढीने भरपाईचा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली निकाल दिला की, पोलिसांचा निष्काळजीपणा खरा, पण अटक व जप्ती हे सार्वभौम अधिकाराचे काम असल्यामुळे शासन भरपाई देण्यास बांधील नाही. बँकेत तारण ठेवलेले सोने असे नाहीसे झाले असते आणि बँकेने असे उत्तर दिले असते, तर खातेदारांनी आम्हाला काउंटरवर बसू दिले असते काय? हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनाही तो खटकला होता. याविषयी विधिमंडळांनी कायदा करण्याची वेळ आली आहे, असे त्यांनी त्याच निकालात नमूद केले.

तसा स्वतंत्र कायदा संसदेने केला नाही. वाट निघाली ती संविधानातून. अनुच्छेद ३२ हा संविधानाचा आत्मा आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते. त्याच अनुच्छेदाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रुदुल शाह प्रकरणात, निर्दोष सुटूनही १४ वर्षे तुरुंगात खितपत पडलेल्या माणसाला भरपाई देवविली. १९९३ मध्ये ओरिसातील नीलाबती बेहरा या मातेला, कोठडीत मृत्यू पावलेल्या मुलाबद्दल दीड लाख रुपये देण्याचा आदेश झाला. मूलभूत हक्काचा भंग झाला असता सार्वभौमत्वाची सबब चालणार नाही, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले.

तरीही तत्त्व आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेने संतप्त झालेल्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, हा बचाव गुंडेवार आयोगाने स्वीकारला नाही. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदारास सत्र न्यायालयाने जन्मठेप ठोठावली ती मे २००९ मध्ये, म्हणजे जवळजवळ बारा वर्षांनी. पुढे त्याला उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला.

आणि आता आपल्या मराठवाड्यातील प्रकरण. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या बंदमध्ये धरपकड झाली. तीत अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदन आपल्याच शहरात, घाटी रुग्णालयात झाले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्यांच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० जुलै रोजी शासनाची याचिका फेटाळली गेली. गुन्हा नोंदला म्हणजे तो शाबीत झाला असे नव्हे, हे आम्ही जाणतो. प्रश्न एवढाच, की केवळ पहिली पायरी चढण्यास साडेसात महिने का लागावेत?

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत पोलिसांना 'क्वालिफाइड इम्युनिटी' नावाचे न्यायालयनिर्मित कवच आहे. हक्काचा भंग पूर्वीच्या निकालांनी स्पष्ट झालेला नसेल, तर अधिकारी वैयक्तिक भरपाईच्या दाव्यातून सुटतो. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाल्यानंतर कोलोरॅडो राज्याने, आणि २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोने, आपल्या राज्य कायद्याखालील दाव्यांत हा बचाव बंद केला.

आमचे नम्र मत असे : चुकीला क्षमा असावी, पण क्रौर्याला नसावी. कवच सद्भावनेला असावे, वर्दीला नव्हे. ज्या शासनाचा नोकर, त्याच शासनाची परवानगी, ही रीत बदलून तो निर्णय न्यायाधीशाकडे द्यावा. भरपाई शासनाने आधी द्यावी, आणि दोषी अधिकाऱ्याच्या पगारातून नंतर वसूल करावी. आमची रोकड कमी भरली तर आमच्याकडून वसुली होते, मग माणूस कमी भरला तर का होऊ नये?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत वाचकांनी काही गोष्टी गाठीस बांधाव्यात. अटक झाल्यास अटकेचा पंचनामा मागावा व नातेवाइकांस कळविण्याचा आग्रह धरावा. हा हक्क १९९६ च्या डी. के. बसू निकालाने दिलेला आहे. मारहाण झाली असल्यास न्यायाधीशासमोर उभे करतील तेव्हा ती सांगावी व वैद्यकीय तपासणी मागावी. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि सहा महिन्यांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि कोठडीतील माणसे यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो.

बाबासाहेबांनी आपल्या हाती संविधान दिले आहे. त्याचा वापर करावयाचा, तर कागद आणि तारीख सांभाळण्याची सवय घराघरांत लागली पाहिजे.