ओल्या चाऱ्यात कुट्टी मशीन तुंबते? इथेच धंदा आहे!

पावसाळा लागला की माझ्या दुकानात एकच तक्रार येते: कडबा कुट्टी मशीन वाळला कडबा झटक्यात कापते, पण हिरवा मका टाकला की तुंबते.

का? चाकावरची पाती चारा कापतात, पंखे तो बाहेर फेकतात. पंखा आणि कव्हर यांच्यात फट जास्त असली की ओला चारा तिथून मागे घसरतो आणि चिकटून बसतो.

अमेरिका-कॅनडात बर्फ फेकणाऱ्या मशीनचंही ओल्या बर्फात हेच होतं. तिथे पंख्यांच्या टोकाला रबरी पट्ट्या बोल्टने लावून फट बुजवतात. पण जसंच्या तसं उचलू नका! आपल्याकडे झिजलेलं रबर जनावराच्या पोटात जाईल.

मग काय करायचं? आधी पात्यांना धार लावा, स्थिर पात्याशी अंतर जुळवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. नाहीच भागलं तर लोखंडी पट्टी लावा. सगळ्या पंख्यांना सारख्याच वजनाची, नाहीतर मशीन थरथरेल. कव्हरला घासणार नाही एवढी फट ठेवा आणि चाक हाताने फिरवून बघा.

पट्टी, बोल्ट, मजुरी, जाण्यायेण्याचं पेट्रोल धरूनच रेट सांगा.

आणि गिऱ्हाइकाला बजावून सांगा: मशीन तुंबली तर आधी मेन स्विच बंद, चाक पूर्ण थांबल्यावरच हात. मशीन दुरुस्त होते, बोटं परत येत नाहीत.