कर्करोगावरील उपचार आणि आहार : वजन टिकविणे हा उपचाराचाच भाग

कर्करोगावरील उपचारांच्या काळात रुग्णाचे वजन घटणे अटळ आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ही घट बऱ्याच अंशी रोखता येते. वजन झपाट्याने उतरल्यास औषधांची मात्रा कमी करावी लागते किंवा उपचारांत खंड पडतो आणि रोग आटोक्यात आणणे कठीण होते.

कर्करोगावरील औषधे आणि किरणोपचार वेगाने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातील पेशीही याच प्रकारच्या असल्याने त्यांनाही इजा पोहोचते. भारतीय पुरुषांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात हा त्रास विशेष जाणवतो. त्यासाठीचे किरणोपचार साधारणपणे आठवड्यातून ५ दिवस, असे ६ ते ७ आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येते, लाळ कमी होते, चव जाते आणि घास गिळणे वेदनादायक होते.

शरीराची गरज मात्र याच काळात वाढलेली असते. रुग्णाला दररोज प्रत्येक किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. म्हणजेच ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ६० ते ९० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, हे लक्षात घेतल्यास केवळ पेज आणि फळांच्या रसावर ही गरज का भागत नाही, ते स्पष्ट होते.

तोंड आले असल्यास तिखट, आंबट आणि गरम पदार्थ टाळून मऊ वरणभात, खिमट, दूध घातलेली नाचणीची खीर किंवा उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. मळमळ होत असल्यास दर दोन तासांनी थोडे थोडे खावे. थंड पदार्थांना वास कमी येत असल्याने ते अनेकांना सोसवतात. गिळणे अशक्य झाल्यास डॉक्टर नाकातून नळी घालून अन्न देतात. ही व्यवस्था बहुधा तात्पुरती असते. ती रोग बळावल्याचे लक्षण नव्हे.

पथ्याच्या नावाखाली दूध, अंडी, साखर सरसकट बंद केल्याने गाठ विरघळत नाही. रुग्ण मात्र अशक्त होतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना उघड्यावरील रस आणि कच्चे मांस टाळावे. दर आठवड्याला वजनाची नोंद ठेवावी आणि ते उतरू लागताच आहारतज्ज्ञांना भेटावे.